धाकटीचं मशीन

आमच्या धाकट्या जाऊबाईचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी थोरली. शिवणकाम दोघीही करतो. मधली भिंत एकच, दारं दोन. पण कापड घेऊन आलेली बाई माझं दार ओलांडून तिच्याकडे जाते आणि वर मलाच विचारते, "आहे ना हो ती घरात?" जळफळाट होणार नाही तर काय!

लहान धंद्यांना मोटारीचं शिलाई मशीन सरकारकडून मिळतं, हे मीच शोधून काढलं. धंद्याची नोंदणी, जागेचा दाखला, सगळीकडे खेटे मी घातले. ही नुसती मागे मागे, "ताई, सही इथे करू का?" आणि मंजूर झालं कोणाला? हिला! मला ऑफिसात म्हणाले, तुमचा नंबर पुढचा; एखादं मशीन परत आलं तर तुमचंच.

मशीन आलं आणि महिन्याभरात शाळेच्या गणवेशांचं काम माझ्याकडून तिच्याकडे गेलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, कॉलरी बघा कशा बसवल्यात, दोन्ही टोकं अगदी सारखी. मोटारीवर काय, कोणीही बसवेल! हे मी नवऱ्याला रोज जेवताना ऐकवायचे. तो म्हणायचा, "अगं, घास तरी गिळू दे."

भिंतीपलीकडून दिवसभर खडखड यायची. सरकारी माल, खडखडणारच, असं म्हणून मी तेवढ्यात समाधान मानायचे. मशीन तिच्या पुढच्या खोलीत होतं आणि तिथे ती कोणाला पाऊल टाकू द्यायची नाही. बायकांचं मापसुद्धा दारातच घ्यायची. मी म्हटलं, काय तोरा हा!

मग एक दिवस तपासणीचे साहेब आले. मीही हातातलं काम टाकून मागोमाग गेले. धाकटीने खोली उघडली, मशीनवरची चादर अलगद काढली. खाली मशीन कोरं करकरीत. मोटारीवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

"बघा साहेब," ती हसून म्हणाली, "एक ओरखडा नाही. मशीन देताना तुमच्या माणसाने बजावलं होतं ना, नीट सांभाळा, तपासायला येऊ म्हणून."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, आम्ही ते चालतंय का ते बघायला येतो! न वापरलेलं मशीन परत घ्यायचा नियम आहे."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना साहेबांना, मी रोज शिवते की नाही?"

आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्याशेजारी तिचं जुनं पायमशीन, त्याच्या सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर. खडखड कसली होती, ते मला तेव्हा कळलं.

"शिवते ना," मी म्हटलं. "पण त्या जुन्यावर."

यात खोटं काय होतं सांगा! तिने माझा हात सोडला. पुढचा नंबर माझा, हे साहेबांनी मग यादीतून आम्हा दोघींसमोर वाचून दाखवलं.

आता ते मशीन माझ्या घरात आहे. प्लास्टिक मी पहिल्याच दिवशी फाडून टाकलं. काय हलकं चालतं म्हणून सांगू! त्यावर मी कॉलर बसवली. एक टोक वर, एक खाली. उसवली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "मोटारीवर कोणीही बसवेल ना?" त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं नाही.

गणवेशांचं काम यंदाही तिलाच मिळालं. काल दुपारी माझ्या दारात आली, पूर्वीसारखीच, मनात काही नसल्यासारखी. तिचं हेच तर मला सहन होत नाही!

"ताई, तुमच्या मशीनचा आवाज येत नाही हो. बिघडलं का?"

"नवीन आहे गं ते," मी म्हटलं. "आवाज करत नाही."

ती मान डोलावून गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे खडखड सुरू झाली. मी मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. शिवायला काहीच नव्हतं.