विहिरीवरच्या डब्यातला माझा नंबर

"मोटार कोनी चालू करी? बंद करा ती!"

आबा विहिरीवरून ओरडत होते, आणि माझ्या वडिलांचा आवाज असा की त्यांनी भडगावात शिंक दिली तर पारोळ्यातला माणूस खिशातून रुमाल काढतो. मी तिथून पन्नास पावलांवर, हौदाच्या कठड्यावर, फोन उंच धरून बसले होते. आख्ख्या शेतात माझ्या फोनला रेंज यायची ती तेवढीच जागा. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा ते बारामध्ये जळगावहून कॉलेजच्या सरांचा फोन येणार होता आणि फोनवरच माझी रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा होणार होती. सरांनी ग्रुपवर लिहिलं होतं, तीन वेळा फोन करीन, तिसऱ्यांदाही नाही उचलला तर गैरहजर. गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे वर्ष गेलं.

"आबा, हळू बोला. माझी परीक्षा शे."

"मी काय करू? ती आपोआप चालू व्हयनी."

त्यांनी खटका दाबून मोटार बंद केली. विहिरीत तेव्हा पाणी इतकं कमी होतं की बेडूक कपडे सावरून चालत जायचे. कोरडी फिरली की मोटार जळणार, म्हणून आबा तिला घास मोजून द्यावा तसं पाणी मोजून उपसू द्यायचे.

परवा आतेबहिणीनं विचारलं, वर्षभराचा ऑनलाईन कोर्स घेतेय, तयारी काय करू? तेव्हा हा दिवस आठवला. साथीत कॉलेज बंद होऊन वर्ग फोनवर आल्यावर मी जळगावातली मेहरूणची खोली सोडून गावी आले, तेव्हा मलाही भरपूर सल्ले मिळाले होते. शांत जागा निवडा. मागे साधी भिंत असू द्या. माझ्या मागे केळीची बाग आणि एक म्हैस होती. त्या वर्षी म्हशीची हजेरी माझ्यापेक्षा जास्त भरली. रेंज अशी, की सोमवारी विचारलेली शंका सरांना गुरुवारी ऐकू जायची आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत मी ती शंका सोडून दिलेली असायची. फोन रात्रीच भरून ठेवायचा, हा सल्ला मात्र खरा आहे. वहीत तारीख टाकून लिहायचं, हाही. पण खरा सल्ला मला कुणीच दिला नव्हता.

ग्रुपवर मेसेज आला. चाळीस नंबरच्या मुलीनं लिहिलं होतं, "माझं झालं, सोपं विचारतात." मी एकेचाळीस. पाठ केलेलं सगळं एका दमात घशाशी आलं. फोन वाजेल म्हणून श्वाससुद्धा हळू घेतला.

फोन वाजला नाही. पाच मिनिटांनी बेचाळीस नंबरनं लिहिलं, "माझंही झालं."

मी ते चार वेळा वाचलं. चाळीस झाली, बेचाळीस झाला. मधली मी कुठे गेले? रेंज पाहिली, दोन काड्या होत्या. आवाज वाढवलेला होता. सरांना लावला तर व्यस्त. परत लावला, व्यस्त. परीक्षा चालू असताना मला फोन करू नये, असंही त्यांनी लिहिलं होतं, तेव्हा मी नियम मोडूनही व्यस्तच मिळवत होते.

"परत चालू व्हयनी!" आबा ओरडले. "त्या धुळ्याच्या फिटरनं काय बसाडेल शे हाई?"

"आबा, माझं वर्ष चाललं."

"अन् मनी मोटार चालनी. डब्यावरला लाल दिवा लुकलुकस. कोनी तरी डब्याले फोन करी ऱ्हायनं."

डब्याला फोन. माझ्या हातापायातलं सगळं रक्त खाली हौदात उतरलं.

सांगते. आमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. लोखंडी डब्यात सिमकार्ड असतं, त्या नंबरला फोन लावला की डबा तो स्वतः उचलतो, मोटार चालू करतो, आणि आतली रेकॉर्डिंगची बाई तसं सांगते. फिटर म्हणाला होता, फक्त तुमचाच नंबर चालेल असं करून देतो. आबा नाही म्हणाले. त्यांचा फोन कधी चार्ज नसायचा. चहाच्या टपरीवर बसून, ज्याचा हाताशी येईल त्याच्या फोनवरून मोटार लावायची, ही त्यांची पद्धत. म्हणून डबा कुणाचंही ऐकणारा ठेवला. विहिरीजवळ एकाच कंपनीची रेंज चाले, आणि त्या कंपनीचं सिम घरात एकाचकडे होतं. माझ्याकडे. आबांनी ते काढून डब्यात घातलं आणि मला दुसरं आणून दिलं. मी नवा नंबर मैत्रिणींना कळवला, ग्रुपवर टाकला, गॅसवाल्यालासुद्धा दिला. कॉलेजच्या फॉर्मवर जुनाच राहिला.

म्हणजे सरांनी दोनदा मला विचारायला फोन केला होता, आणि दोन्ही वेळा हजेरी मोटारीनं दिली होती.

मी हौदावरून उडी मारली. पन्नास पावलं मी तीनच पावलांत कापली, चौथं हवेत राहिलं. आबांच्या हातून मोटार बंद होते न होते तोच मी डबा उघडला.

"काय करस? हात नको लावू."

"आबा, यात माझा नंबर शे. सरांचा एकच फोन बाकी आहे."

आबांनी मेन स्विच खाली ओढला. मी सिम नखानं उचकटलं. फोनचा कप्पा उघडायला टाचणी नव्हती. कानातलं काढून त्याची तार खुपसली. हाताला ग्रीस, सिम दोनदा मातीत पडलं, ते ओढणीला पुसून घातलं. सवयीनं हौदाकडेच परत पळाले. पडद्यावर नेटवर्क शोधत असल्याची अक्षरं आली आणि तिथेच बसली. त्या एका मिनिटात मी दोन वेळा म्हातारी झाले. पुढचं वर्ष पुन्हा तेच धडे, तीच म्हैस, बेचाळीस नंबर माझ्या पुढे, हे सगळं दिसून गेलं.

काडी आली. एक. मग फोन वाजला.

"सर, मी हजर आहे, माझा नंबर विहिरीवरच्या डब्यात होता, म्हणून मोटार..."

"हो, त्या बाईंनी सांगितलं दोनदा," सर म्हणाले. "आता तुम्ही सांगा. आम्ल आणि अल्कली एकत्र केल्यावर काय होतं?"

मी सांगितलं. आणखी पाच प्रश्न झाले, चारांची उत्तरं बरोबर आली, पाचव्याला मी इतकं लांबवलं की सरांनीच थांबवलं. "हजर लिहितो," ते म्हणाले. "फॉर्मवरचा नंबर आजच बदला."

आतेबहिणीला मी हेच सांगितलं. बाकीची तयारी कर, पण आधी बघ, कॉलेजकडे असलेला तुझा नंबर आज कुणाच्या घरी राहतो.

मी विहिरीवर गेले तेव्हा आबा डब्यापाशी उकिडवे बसले होते. मीही त्यांच्याजवळ बसले.

"आबा, झालं. वर्ष वाचलं."

आबांनी हात पुढे केला.

"सिम दे. टपरीवरून मोटार लावनी शे, लाईट दोन वाजता जाई."