लीड्सच्या भिंतीवरची जिनोआची खिडकी

लीड्सला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत मेतकूट होतं, छत्री होती आणि इटलीतल्या जिनोआ शहराचा नकाशा होता. साताऱ्यात जन्मभर चित्रकला शिकवली, आता चित्रांतले वाडे डोळ्यांनी बघायचे होते. रिया माझ्या मावसबहिणीची मुलगी. जन्म लीड्सचा, त्यामुळे मराठीत लिंगांचा गोंधळ; अभ्यास जिनोआच्या सरदारांच्या वाड्यांचा. "मावशी, तू ये फक्त, जिनोआ मी दाखवते," असं तिने कबूल केलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी तिने माझा पासपोर्ट उघडला आणि तिचं तोंड उतरलं. ब्रिटनच्या व्हिसावर इटलीत जाता येत नाही, त्याला शेंगेन व्हिसा लागतो. मी समजत होते, एकदा गोऱ्यांच्या मुलखात शिरलं की सगळं एकच!

"सॉरी मावशी, माझा चूक. मी चेक करायला पाहिजे होता."

मग जेवणाच्या टेबलावरच जिनोआ सुरू झालं. ते दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक. राजा नाही, त्यामुळे राजवाडाही नाही. परदेशचा राजा पाहुणा आला तर उतरवायचा कुठे? म्हणून सरकारने सरदारांच्या पलात्सोंचे (वाड्यांचे) दर्जे ठरवले. पाहुणा आला की चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणा सांभाळायचा.

"म्हणजे लग्नाचं वऱ्हाड शेजाऱ्यांकडे उतरवतात तसंच की," मी वरण वाढता वाढता म्हटलं.

"एक्झॅक्टली! आणि भिंतीवर खिडकी हवी तिथे नसली, तर ते पेंट करायचे. खांबपण फेक, म्हणजे खोटा, खिडकीपण फेक."

रियाचं घर टेरेसच्या (एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीच्या) टोकाला होतं. आम्ही दोघी एकदमच उठून बाहेर गेलो.

"बाजूचा भिंत पूर्ण रिकामा आहे, मावशी."

आठवडाभर आम्ही शिडीवर होतो. पाऊस आला की खाली, थांबला की वर. खांब रियाने काढले. खिडकी मी काढली, आणि खिडकीत कठड्यावर कोपर टेकून खाली पाहणारी, लाल झग्यातली एक सरदारीणबाई. ती खाली पाहत होती ते शेजारच्या आर्थर आजोबांच्या बागेत, हे तेव्हा आमच्या लक्षातच आलं नाही.

आर्थर आजोबांच्या मात्र लगेच आलं. दार वाजवून ते म्हणाले, "हे बघ लव्ह (इकडे भाजीवालासुद्धा सगळ्यांना असंच म्हणतो), त्या बाई माझ्याकडे टक लावून बघतात. मला घेवड्याला पाणी घालता येत नाही."

"पण ती बाई खरा नाहीये," रिया मला मराठीत म्हणाली. इंग्रजीत तिने तेच अधिक अदबीने सांगितलं.

"खऱ्या नसतील. पण बघतात," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) कळवलं.

कौन्सिलचा माणूस आला. शिडी चढून त्याने खिडकीवर टकटक केलं.

"ही उघडते का?"

"नाही."

"पुढे कधी उघडण्याचा विचार?"

"नाही हो."

त्याने निर्णय दिला: उघडत नाही ती खिडकी नव्हे, त्यामुळे तिच्यातून कोणी डोकावूही शकत नाही. आम्ही जिंकलो. पण त्यानंतर आजोबा बागेत यायचेच बंद झाले. त्यांचा घेवडा सुकायला लागला. आम्ही केवढ्या मोठ्या सरदार, आणि त्या म्हाताऱ्याला त्याच्याच बागेतून हुसकून लावलं! मला जेवण गोड लागेना. एके सकाळी मी शिडी लावली आणि बाईंवर हिरव्या झडपा रंगवून खिडकी घट्ट मिटून टाकली.

दोन दिवसांनी आर्थर आजोबा पुन्हा दारात. हातात घेवड्याच्या उरल्यासुरल्या शेंगांची परडी.

"त्या बाई बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं. "खिडकी उघडली नाही त्यांनी. आजारी तर नाहीत?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "जरा सर्दी झाली होती. आता बरं आहे."

ते गेल्यावर मी पुन्हा शिडीवर चढले. अर्धी झडप खरवडली आणि बाईंचा चेहरा आणि एक हात मोकळा केला. संध्याकाळी आजोबा झारी घेऊन बागेत आले, वर पाहून त्यांनी टोपीला हात लावला आणि पाणी घालत बसले. नंतर रियाला कळलं, त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या दारावर पोस्टमनशिवाय कोणी येत नसे.

निघायच्या दिवशी माझी बॅग टॅक्सीत त्यांनीच ठेवली. "तुम्ही चाललात," ते म्हणाले, "पण काळजी करू नका. त्यांच्यावर मी लक्ष ठेवीन."

जिनोआ राहिलंच. साताऱ्यात रिक्षातून उतरले तर समोरच्या लिमयेकाकू गॅलरीत उभ्या. बाईंचं सगळ्या गल्लीवर लक्ष असतं. कोण कधी आलं, हातात पिशवी कसली. एरवी मी मान खाली घालून जिना चढते.

"आलीस का गं? वाळलीस की!" त्यांनी वरून विचारलं.

"आले, काकू," म्हटलं, आणि बॅग तिथेच रस्त्यात ठेवून त्यांच्याशी बोलत उभी राहिले.