अर्धी रंगलेली अँबॅसिडर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं रोज संध्याकाळी एकाच अंगणात बसली की ते आपोआप जमतात. त्यात त्या अंगणात एक बंद पडलेली मोटार उभी असेल, तर मग विचारूच नका! आमचं अंगण दिनकररावांचं. वरवट बकालच्या बाहेर, रस्त्याला लागून. पुढं त्यांची जुनी अँबॅसिडर, बाजूला त्यांची कपाशी. बसणारे आम्ही चौघं: स्वतः दिनकरराव, अन्वरभाई वेल्डर, कृषी केंद्रवाला सुधाकर आणि शाळेत मास्तर असलेला मी. आमच्या बडबडीला चहा पुरवणाऱ्या शोभावहिनी.

बोंडअळी लागत नाही म्हणत बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा दिनकररावांच्या कपाशीला अशी बोंडं लागली की त्यांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. खामगावच्या एका व्यापाऱ्याची ही गाडी त्यांनी उचलून आणली आणि वहिनींना म्हणाले, "आता माहेरी यष्टीनं नाई जायाचं. देऊळगाव राजाले घरच्या गाडीनं जाऊ!"

वहिनींनी ते मनावर घेतलं. "जाईन त याच गाडीनं," म्हणाल्या. तिथंच सगळे फसले.

*

पुढं भाव पडला. चढेपर्यंत कापूस ठेवायचा कुठं? घर भरलं, मग गाडी भरली. वजन वाढावं म्हणून दिनकरराव रोज सकाळी आंघोळ करून त्यावर लोटाभर पाणी शिंपडायचे. तुळशीला घालावं तसं, अगदी नियमानं!

भाव काही चढला नाही. शेवटी कंटाळून कापसाच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं गाडीचं दार उघडलं, तर तळाचा कापूस तांबडा-तपकिरी.

"हे काय हो, दिनकरराव?"

दिनकरराव जराही दचकले नाहीत. म्हणाले, "नवीन व्हरायटी आहे."

*

कापूस निघाल्यावर वहिनी हौसेनं गाडीत जाऊन बसल्या. पाय टेकवला, तो पत्र्यातून आरपार, थेट अंगणात!

"अहो, गाडीत बसूनबी मले पायीच जा लागन का?"

आमची हसून मुरकुंडी वळली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. गाडीच्या नादात त्यांच्या दोन भाऊबिजा हुकल्या होत्या. जिल्ह्याच्या त्या टोकाला त्यांचा भाऊ ओवाळून घ्यायला बसून राहायचा आणि इकडं वहिनी गाडीकडं बघत बसायच्या. त्यांनी तिथंच बजावलं, "या भाऊबीजेले गाडी निघाली पाह्यजे. नाई त भंगारवाल्याले देऊन टाकीन. तुम्हालेबी!"

*

अन्वरभाईंचा धंदा डवरे-वखर असली शेतीची अवजारं जोडायचा. मोटार त्यांनी जन्मात जोडली नव्हती, पण नाही म्हणायची त्यांना सवय नाही. पत्रा घासायला बसले. चिमटीएवढा डाग घासला की वीतभर भोक पडायचं. दुपारपर्यंत निम्मं दार टोपल्यात जमा झालं.

अन्वरभाईंनी घाम पुसला आणि निदान सांगितलं. "दिनकरराव, गाडीले गंज नाई लागला. गंजाले थोडीशी गाडी लागली आहे!"

ठिगळाला पत्रा हवा होता. बियाण्याच्या जाहिरातीच्या पाट्या तर बांधोबांधी लटकलेल्या. त्यातली एक दिनकररावांनी आपल्याच बांधावरून काढून आणली आणि अन्वरभाईंनी ती वहिनींच्या पायाखालच्या भोकावर डाग देऊन बसवली. अक्षरं वर! 'बोंडअळीची चिंता सोडा.'

वहिनींनी दोन्ही पायांनी दाबून पाहिलं. पाटी हलली नाही. "वावरात अळीसमोर नाई टिकली," म्हणाल्या, "इथं त टिकली."

*

गंजावर मारायला रेड ऑक्साइड हा लाल रंग लागतो. सुधाकरच्या दुकानात बियाण्यापासून रंगापर्यंत सगळं मिळतं, पण एकेकटं काहीच मिळत नाही. युरियाच्या गोणीसोबत न मागितलेलं काहीतरी गळ्यात पडतंच.

"ऑक्साइड नेता त संगं टॉनिकची बाटली घ्या लागन."

"गाडीले टॉनिक काऊन बे?"

"राव, कपाशीले तरी कशाले देतो, हे मले कुठं माईत आहे?"

*

रंग मारायची मशीन गावात नव्हती. दिनकररावांनी ऑक्साइडमध्ये थिनर ओतलं, फवारणीच्या पंपात भरलं आणि पंप पाठीला अडकवला. थिनर डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटले आणि सुरू झाले. एक हात दांड्यावर, एक हात नळीवर, पाऊल पुढं.

ड्रायव्हरची बाजू झकास रंगली. गाडी संपली. दिनकरराव थांबले नाहीत! इतक्या वर्षांची फवारणीची सवय. ओळ संपेपर्यंत थांबायचं नसतं. कपाशीच्या कडेच्या तीन ओळी, विजेचा खांब आणि शेजाऱ्याची शेळी, सगळं एकाच रंगात न्हालं. शेळी ओरडली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"अहो, शेळीले तरी सोडाचं!" वहिनी ओरडल्या.

अर्धं डबडं उरलं होतं. वहिनींच्या बाजूला नेमकं तेवढं पुरणार होतं, आणि सुधाकरकडचा माल संपला होता.

*

त्याच आठवड्यात नुकसानभरपाईसाठी लाल्याची पाहणी आली. लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल होऊन गळायचा रोग. त्या साली तो गावात खरोखरच होता. आतल्या वावरांत बोंडं पोसलीच नव्हती. कृषी खात्याच्या साहेबांची जीप रस्त्यानं हळूहळू चालली होती, काच अर्धी खाली. गावकरी मागं धावत आतलं दाखवत होते. साहेब म्हणत होते, "हा पाण्याचा ताण आहे. लाल्या असा नसतो."

आणि जीप दिनकररावांच्या अंगणाशी येऊन थांबली. लालभडक पानं, लालभडक दांड्या!

"हा बघा! याला म्हणतात लाल्या!" साहेबांनी आतूनच फोटो काढला. मग त्यांची नजर वर गेली. "पण हा रोग खांबावर पण चढतो?"

दिनकररावांनी हात जोडले. "साहेब, बीटी आहे. कुठंबी चढते."

साहेब म्हणाले, बाकीचं उद्या बघू, आणि गेले.

संध्याकाळी गावातली माणसं आपापले पंप घेऊन अंगणात उभी राहिली. सगळे डबड्याकडं बघत होते. दिनकररावांनी डबडं मांडीत घट्ट धरलं होतं. भाऊबीज तोंडावर आलेली, वहिनींची पिशवी भरून दारात ठेवलेली. एका बाजूनं भंगार दिसणाऱ्या गाडीतून भावाच्या दारात जाणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलेलं. मला तर वर बघवेना.

वहिनी बाहेर आल्या. नवऱ्याच्या मांडीवरून डबडं उचललं, झाकण काढलं आणि लोट्यानं एकेकाच्या पंपात ओतू लागल्या.

"वहिनी, तुमची गाडी?" अन्वरभाईंनी हळूच विचारलं.

"यष्टी आहे ना सकाळची," त्या म्हणाल्या. मग पंपवाल्यांकडं वळून मोठ्यानं बजावलं, "पुरवून पुरवून मारा रे! रस्त्याच्या कडेच्याच ओळी घ्या. साहेब गाडीतून खाली उतरत नाई."