मिसळलेला डबा

आमचे मॅनेजर साहेब कारखान्यात आले की आधी कचऱ्याच्या डब्यात बघत, मग माणसाच्या तोंडाकडे. पाठीमागे पोरं त्यांना डबासाहेब म्हणत. मी तिथे, अंबडला, ठेकेदाराकडून झाडू मारायला होते.

पूर्वी सगळ्याला एकच पिंप. तेलाच्या चिंध्या, लोखंडाचा कीस, उरलेलं जेवण, सगळं त्यात आणि नंतर मागच्या नाल्यात. साहेबांनी प्रत्येक खात्यात चिंध्या, कीस आणि उष्टं यांचे तीन वेगळे डबे ठेवले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मावशी, मिसळलेला डबा उचलायचा नाही. ज्यांचा डबा, त्यांनी निवडायचा."

"आणि मला काढलं तर?"

"आधी मला काढावं लागेल."

असलं बोलणं मी खूप ऐकलं होतं.

आठवड्यातच एका फोरमनच्या खात्यातल्या चिंध्यांत वरणभात निघाला. मी डबा तिथेच ठेवला.

"ए मावशी, तू कचरा उचलायला येतेस की आम्हाला शिकवायला?"

"उचलायलाच. पण हा नाही."

फोरमनने ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार मला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. घरात कमावणारी मी एकटी.

तेवढ्यात साहेब आले. कोणाला रागावले नाहीत. बाह्या दुमडून उकिडवे बसले आणि चिंध्यांतला भात काढू लागले. ठेकेदाराला फोनवर एवढंच म्हणाले, "मावशी उद्या येणार." मग फोरमनलाही बसावं लागलं.

शनिवारी ज्या खात्याचे डबे नीट, तिथे साहेब चहा प्यायला जात. बाकीची खाती मग टोमणे खात, "काय रे, तुमच्याकडचं दूध नासलं वाटतं!" त्या चहासाठी फोरमन स्वतः डबे तपासायला लागला. नाल्यावरचा तेलाचा तवंगही गेला.

मग साहेबांची बदली झाली. जाताना डबे तेवढे बघून गेले.

नव्या साहेबांकडे पाहुणे यायचे होते. नेमका त्याच दिवशी फोरमनच्या खात्यातला डबा मिसळलेला. नवे साहेब म्हणाले, "मावशी, आज तसाच उचला." माझ्या पाठीशी आता कोणी नव्हतं. नोकरी हवी होती. मी वाकले.

"मावशी, हात लावू नका!" फोरमन पुढे आला. "साहेब, डबा आमचा आहे, आम्ही निवडतो. पाहुण्यांना पाच मिनिटं बसवा."

खात्यातली सगळी पोरं खाली बसली. मी झाडू टेकून उभी होते.

"फोरमन," मी म्हटलं, "तळाला अजून एक चिंधी आहे."