अँटीव्हायरसचं स्थळ

सोलापुरात व्हायरसची पाहुण्यासारखी सरबराई कुणी केली असेल, तर ती आमच्या थोरल्या साडूंनी. कुंभारीच्या त्यांच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यासाठी ते तीन वर्षं अँटीव्हायरस शोधताहेत, लेकीला स्थळ शोधावं तसे. त्याची वही आहे, वहीत रकाने आहेत: नाव, मूळ गाव, स्वभाव, खाणं. मूळ गाव म्हणजे कंपनीचा देश, आणि खाणं म्हणजे बसल्या जागी मेमरी किती खातो ते. एका बड्या परदेशी स्थळापुढे शेरा आहे, 'खादाड, शिवाय बडबड्या', कारण तो घडोघडी कोपऱ्यात चौकट उघडून आपण किती छान राखण करतोय ते सांगायचा. कॉम्प्युटरबरोबर आयताच आलेला बिचारा मुकाट काम करायचा, तर त्याच्यापुढे 'घुमा'. प्रत्येक जण महिनाभर फुकट वापरायचा आणि मुदत संपली की नारळ द्यायचा. माझी मेहुणी एकदा शांतपणे म्हणाली, "माज्या बापानं तुमाला एवढं पारखलं असतं, तर मी आज हितं नसते."

परीक्षेसाठी साडूंनी एक व्हायरस पाळलाय. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर बसून आलेला. त्याचं नाव पाव्हणा, मुक्काम शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट. प्रत्येक उमेदवाराला पाव्हणा दाखवायचा. एकाला तो दिसलाच नाही, त्याची नोंद 'नजर अधू'. एकदा तर त्यांनी दोन अँटीव्हायरस एकदम लावले. दोघांनी एकमेकांनाच चोर समजून धरलं, कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला, आणि साडू दुपारभर समोर मांडी घालून बसले. निकाल विचारला तर म्हणाले, कुस्ती बरोबरीत सुटली.

गेल्या रविवारी मी वैतागून म्हटलं, अहो, घरच्या वापराला कुठलाही चालतो, एक ठरवा आणि सुटा. तेव्हा त्यांनी खरी अडचण दाखवली. साडूंचा जन्म चादरीच्या कारखान्यात ग्राफपेपरवर नक्षी काढण्यात गेला. चौकोन भरून डोळे दुखायचे, म्हणून मुलानं कॉलेजात असताना त्यांना नक्षीचा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पुढे तो मुलगा यांच्या मनाविरुद्ध परदेशी निघाला, यांनी रागानं "जा" म्हटलं, आणि तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. आणि आलेला प्रत्येक अँटीव्हायरस नेमका तोच प्रोग्राम उचलून बाहेर टाकतो. साडू तो जुन्या सीडीवरून परत आणतात आणि पुढचं स्थळ बघायला लागतात.

बोलता बोलता नव्या उमेदवारानं लाल चौकट उघडलीच. मी मराठीत सांगितलं, बनवणारा अनोळखी आहे, काढून टाकू का, असं विचारतोय.

"अनोळखी कसा? माजं पोरगं हाय की ते."

मी त्यांना सेटिंगमध्ये नेलं. एखाद्या प्रोग्रामला हात लावू नको, असं तिथे सांगून ठेवता येतं, हे या माणसाला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. यादीत नाव घातलं, तशी शेवटची चौकट आली: यावर तुमचा विश्वास आहे का? मी अर्थ सांगितला. साडूंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि स्वतःच्या बोटानं होकाराचं बटण दाबलं.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मी व्हय म्हणलं, ते तितं त्याला कळंल का?"

कॉम्प्युटरमधलं मला थोडंफार कळतं, म्हणून मी म्हटलं, "नाही, ते फोन करूनच सांगावं लागतं."