तुरीनची रिकामी जागा

वसईत माणिकपूरला आमचं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं. टेंपो, जीप, क्वचित शाळेची बस. इंजीन आणि सांगाडा तेवढा यायचा, वरची पत्र्याची बॉडी आम्ही चढवायचो. गिऱ्हाईक आणि कटकट माझ्याकडे, हातोडी थोरल्या भावाकडे. पत्रा दादाचं ऐकायचा, माझं नाही.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा एक इटालियन फादर होते. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांचा भाऊ तिकडे इटलीत तुरीनला, गाड्यांची डिझाइनं करणाऱ्या एका कंपनीत पत्राकामाचा मुकादम होता. सत्तरच्या दशकात त्या कंपनीची चलती होती. मोठमोठे कारखाने गाडीचं रूप ठरवून घ्यायला त्यांच्याकडे यायचे, आणि नमुन्याची पहिली गाडी तिथे हातानेच, लाकडी साच्यावर पत्रा ठोकून बनायची. भाऊ फोटो धाडायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की दादा फादरांकडे ते बघत बसायचा. घरी जेवण थंड व्हायचं आणि वहिनी माझ्यावर चिडायची. माझा काय संबंध?

एकदा फादरांनी दादाने बांधलेल्या जीपचे फोटो भावाला पाठवले. उत्तर आलं, माणूस पाठवा, दोन वर्षं ठेवून घेतो. दादाने पत्र माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आयुष्यात त्याला हवीशी वाटलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "जा ना, पण हे वर्ष जाऊ दे. दोन बस हातात आहेत."

पुढल्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं. त्यापुढल्या वर्षी टेंपोंची रांग लागली. दरवर्षी मी काहीतरी काढायचोच. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. दादा गेला तर वर्कशॉपला टाळं लागलं असतं, कारण मला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता. दादा नुसतं "बरं" म्हणायचा, आणि फादर तसं तिकडे कळवायचे.

ऐंशीनंतर तिकडचं चित्र फिरलं. कारखाने डिझाइनं स्वतःच करू लागले, कॉम्प्युटर आले. कंपनीने आधी माणसं कमी केली, मग पत्राकामाचा विभागच बंद केला. इकडेही बॉडीसकट टेंपो मिळू लागले. आमच्याकडे अपघातातल्या गाड्या सरळ करायचं काम उरलं.

त्याच सुमारास फादरांचा भाऊ रिटायर होऊन वसई बघायला आला. वर्कशॉपमध्ये दादाने नुकतंच घडवलेलं एक मडगार्ड होतं. म्हातारा त्यावर वाकून बराच वेळ बोटांनी चाचपत राहिला. मग फादरांशी काहीतरी बोलला. फादरांनी मला बाजूला घेतलं.

"तो म्हणतो, विभाग बंद होईपर्यंत एक जागा ह्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. दुसऱ्या कुणाला दिली नाही. दादाला सांगू?"

"नको फादर."

दादा फडक्याला हात पुसत आला. "काय म्हणतो रे?"

"काम चांगलं आहे म्हणतो."

"काय सांगतोस!" दादाचा चेहरा फुलला. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे गेलो असतो तर निभलं असतं माझं तिकडे. मला वाटायचं, तू ओळखून होतास, मला जमणार नाही म्हणून."