सासुरवाडीचा समुद्र

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही मित्राच्या बायकोला परत आणायला गेलो म्हणून. मित्र पलटणीत होता. रजेवर आलेल्या कुणीतरी तो मेल्याची बातमी गावात आणली. कागद नाही, पत्र नाही, नुसती तोंडी बातमी. तेवढ्यावर त्याच्या घरच्यांनी तिचं कुंकू पुसलं. मग तिचा बाप तिला कोकणात माहेरी घेऊन गेला. पुढं मित्र शत्रूच्या कैदेतून सुटून जिवंत दारात उभा राहिला. घरच्यांनी गावभर साखर वाटली. ती मात्र काही केल्या परत येईना.

म्हणून आम्ही दोघं कराडहून मोटारीनं घाट उतरून तिच्या माहेरी गेलो. बोलायचं मी, असं ठरलं होतं. मित्राला बंदुकीपुढं उभं केलं तरी चाललं असतं, बायकोपुढं त्याची वाचा बसायची. पण ती आमच्यासमोर यायलाच तयार नव्हती. मी काय भिंतीशी बोलणार? मला मित्राचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेवटी मित्राच्या सासऱ्यांनीच आमच्या हातात गळ आणि आमिषाला कोलंबी दिली.

"घरात बसून काय करताय? मासे धरून या. भरती लागली की मात्र उठा."

आम्ही होय म्हणालो खरं, पण मनावर घेतलं नाही. आमच्या कृष्णेला पाणी वाढायचं तर वर कुठंतरी पाऊस पडावा लागतो. इथं आभाळ स्वच्छ होतं. गुडघाभर पाण्यातून आम्ही आतल्या एका खडकावर गेलो आणि गळ टाकून निवांत बसलो. ऊन अंगाला बरं वाटत होतं. वाऱ्यानं ओठ खारट झाले होते.

"ती आलीच न्हाई तर?" मित्रानं विचारलं.

"तर दुसरं लगीन कर," मी चेष्टेनं म्हणालो.

"तसलं बोलायचं न्हाई, गड्या. कैदेत तिचं त्वांड आठवून दिस काढल्यात मी."

मी गळाला नवी कोलंबी लावली.

दुपार कलली तसे मासे भराभर लागायला लागले. एका तांबोशीनं तर मित्राला पुढं खेचलंच. "लय ताकद हाय रं हिला!" म्हणत तो लहान पोरासारखा हसला. त्या नादात मागं वळून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. हाक ऐकू आली तेव्हा भरतीनं किनारा लांब गेला होता, आणि मित्राची बायको कंबरभर पाण्यात उभी राहून ओरडत होती.

"अहो, उठा! टाका ते मासे! डाव्या अंगानं या, मधे खड्डा हाय!"

गळ, मासे, सगळं तिथंच टाकून आम्ही पाण्यात उतरलो. नदीत पोहण्याचा आमचा तोरा दुसऱ्याच लाटेत उतरला. ती हात करील तिकडं सरकत, नाकातोंडात पाणी घेत, एकदाचे वाळूवर आलो.

"एकदा तुमच्या नावानं आंघोळ केलीय मी," ती त्याला म्हणाली, "परत नाय करणार!" आणि खाली बसून रडायला लागली. बोलायला आणलेला मी चार पावलं बाजूला सरलो.

मित्रच तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. "मी जित्ता असताना तुला रांडाव केली त्यांनी. मला कळतंय."

"त्या घरात मी पाऊल ठेवणार नाय."

"नगं ठेवूस. मळ्यात खोपट बांधतो. दोघंच ऱ्हाऊ."

"आणि तुमची आई?"

"आईला मी बघीन. तिचा राग मी सोसीन."

तिनं पदराचं पाणी पिळलं, डोळे पुसले आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

"दार उगवतीला ठेवा," ती म्हणाली.